मांजरेकरला घरी बसवलं, मग टॅक्सीच्या मीटरचं काय?

23 मार्च 2025, हैदराबाद, सनरायझर्स विरुद्ध राजस्थान. राजस्थानकडून खेळणाऱ्या इंग्लंडच्या काळ्या फास्ट बॉलरला, जोफ्रा आर्चरला, त्या दिवशी असा काही मार पडला की चार ओव्हरमध्ये 76 रन गेले, आयपीएलच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात महागडा स्पेल. एवढ्या स्पेलवर बोलायला क्रिकेटमधलं काय कमी होतं? पण हिंदी कॉमेंट्रीत हरभजन सिंग काय बोलला, तर लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचा मीटर जोरात पळतो आणि इथे आर्चरसाहेबांचा मीटरपण जोरात पळतोय. मग नेहमीचंच झालं. एका बाजूला "बॅन करा, पॅनेलवरून हाकला", दुसऱ्या बाजूला "अरे लंडनची टॅक्सी काळीच असते, हल्ली काही बोलायची सोयच राहिली नाही". दोन-तीन दिवस भांडण, मग पुढची मॅच, मग सगळे विसरले, आणि हरभजन कॉमेंट्री करत राहिला.

मला या भांडणाचा राग येतो कारण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की आपल्याकडे कॉमेंटेटरला बोलण्याची शिक्षा होतच नाही, आणि मग ती व्हावी का नाही यावर वाद. अहो होते ना शिक्षा! आपल्याकडे कॉमेंटेटर पॅनेलवरून गेलेत, कॉन्ट्रॅक्ट गेलेत. फक्त कोणाचा रंग, दाढी, बायको, जात काढली म्हणून नाही गेले. मोठ्या खेळाडूला किंवा क्रिकेट बोर्डाला (बीसीसीआयला) टोचलं म्हणून गेले. माझं म्हणणं सरळ आहे, हे बरोबर उलटं व्हायला पाहिजे. खेळावर कितीही कडक बोला, त्याबद्दल माईक काढून घ्यायचा अधिकार कोणालाच नको. पण माणूस जन्माने जे आहे त्यावरून त्याला हिणवलं तर त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे, आणि ती कितीही मोठा माजी खेळाडू असला तरी मोजावी लागली पाहिजे.

आधी शिक्षा कोणाला झाली ते बघू. 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये माजी बॅट्समन आणि कॉमेंटेटर संजय मांजरेकर म्हणाला की रवींद्र जडेजासारखे थोडी बॅटिंग थोडी बॉलिंग करणारे खेळाडू वनडेत मला फारसे पटत नाहीत. जडेजा भडकला, ट्विटरवर त्याने मांजरेकरला जे सुनवायचं ते सुनवलं आणि मग सेमीफायनलला मँचेस्टरमध्ये 59 बॉलमध्ये 77 मारून मैदानात पण सुनवलं. मांजरेकरने तेव्हाच कबूल केलं की आज या पोराने मला सगळ्या बाजूंनी फाडलंय. इथे विषय संपायला हवा होता, खरं तर क्रिकेटसाठी ही किती छान गोष्ट आहे, एकाने मत मांडलं, दुसऱ्याने बॅटने खोडून काढलं. त्याच वर्षी कोलकात्याच्या पिंक बॉल टेस्टमध्ये मांजरेकर हर्षा भोगलेला ऑन एअर म्हणाला की तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलोय, आम्हाला कळतं. हे उद्धट होतं यात शंकाच नाही आणि त्याने नंतर चूक मान्यही केली. मार्च 2020 मध्ये बोर्डाने त्याला पॅनेलवरून काढलं, जाहीर कारण काहीच दिलं नाही. नंतर बोर्डाच्या गाइडलाइन्स पाळीन असा ईमेल त्याने पाठवल्याच्या बातम्या आल्या. ही बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. रणजी आणि टेस्ट खेळलेला, खेळाची इतकी समज असलेला मुंबईचा माणूस, आणि त्याला लिहून द्यावं लागतंय की तुम्ही सांगाल तसं बोलेन.

हर्षा भोगलेचं तर त्याहून विचित्र. 2016 च्या टी-20 वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशची मॅच आपण एका रनने जिंकलो, त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी नाव न घेता ट्विट केलं की भारतीय कॉमेंटेटरने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, धोनीने त्यात भर घालण्यासारखं काही नाही म्हणून ते पुढे पाठवलं, आणि काही दिवसांत आयपीएलच्या तोंडावर हर्षा पॅनेलमधून गायब. याचा त्याच्याशी संबंध होता का? बोर्डाने कारणच सांगितलं नाही, त्यामुळे ते सिद्ध होणार नाही, आणि कारण न सांगण्यातली खरी सोय हीच असते. त्याच्या आधी 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या इयान चॅपलने भारतातली कॉमेंट्री नाकारली होती, का तर सिलेक्शन, डीआरएस (अंपायरच्या निर्णयावर रिव्ह्यू घ्यायची पद्धत) आणि बोर्डाचा कारभार यावर बोलायचं नाही अशी अट होती. 2025 मध्ये ईडनच्या पिचवर आणि क्युरेटरवर हर्षा आणि सायमन डूल बोलले तर बंगालच्या असोसिएशनने बोर्डाकडे पत्र पाठवलं की या दोघांना आमच्या मॅचला नको. पिचवर बोलले म्हणून! पिचवर नाही बोलायचं तर कॉमेंटेटरने मग कशावर बोलायचं?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला, लाइव्ह बोलणं फार अवघड काम आहे. पाच दिवस, रोज कित्येक तास, हातात स्क्रिप्ट नाही, बाजूला बसलेला माणूस चेष्टा करतोय, कानात प्रोड्यूसर बोलतोय. जीभ घसरणारच. हे मी शंभर टक्के मानतो. डिसेंबर 2024 मध्ये ब्रिस्बेनला इंग्लंडची माजी खेळाडू आणि कॉमेंटेटर ईसा गुहा बुमराचं कौतुक करताना त्याला माकडांच्या जातकुळीतला शब्द वापरून बसली. कौतुकच करत होती, आणि ती स्वतः बंगाली आईबापांची इंग्लंडमध्ये वाढलेली मुलगी, तिच्या मनात काही नव्हतं हे उघड आहे. पण ऑस्ट्रेलियात भारतीय खेळाडूच्या बाबतीत माकड म्हटलं की 2008 ची सिडनी टेस्ट आठवते, हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला ती, आणि 2021 ला त्याच सिडनीत बुमरा आणि सिराजला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या ते आठवतं. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी गुहाने कॅमेऱ्यात बघून माफी मागितली, मी चुकीचा शब्द निवडला म्हणाली. शेजारी बसलेल्या रवी शास्त्रीने तिथल्या तिथे तिला धाडसी म्हटलं. ती बॉक्समध्ये राहिली आणि राहायलाच हवी होती. दिनेश कार्तिकचंही तसंच, 2021 मध्ये इंग्लंड-श्रीलंका मॅचमध्ये तो बोलून गेला की बॅट शेजाऱ्याच्या बायकोसारखी असते, आपल्यापेक्षा त्याचीच बरी वाटते. पुढच्या मॅचला ऑन एअर माफी मागितली, आई आणि बायकोने झापलं हेही सांगितलं.

म्हणजे जीभ घसरते हे खरं, पण त्यावरून "म्हणून सोडून द्या" हे कसं निघतं? घसरल्यावर काय करायचं ते गुहाने दाखवून दिलंय आणि त्याला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागत नाही. आता तीन महिने पुढे या, हैदराबाद. गुहावर तुटून पडलेले आपलेच लोक आर्चरच्या वेळी काय म्हणत होते? लंडनची टॅक्सी काळीच असते. असते की! पण 76 रनच्या स्पेलवर हजार विनोद करता येतात, त्यातून नेमका तो का सुचला? आणि सुचला, तोंडातून गेला, ठीक आहे, मग दुसऱ्या दिवशी आपल्या हिंदी कॉमेंट्री बॉक्सने ते अर्धं मिनिट का नाही दिलं? आर्चर हा तो खेळाडू आहे ज्याला 2019 मध्ये न्यूझीलंडमध्ये प्रेक्षकाने रंगावरून शिव्या दिल्या आणि त्या माणसाला तिथल्या बोर्डाने दोन वर्षं मैदानबंदी केली. स्टँडमधल्या माणसाला बंदी, आणि करोडो लोकांच्या घरात आवाज जातो त्याला साधं "चुकलं" म्हणायची पण गरज नाही? सिडनीत आपल्यावर शिंतोडे उडतात तेव्हा आपल्याला जे कळतं ते हैदराबादमध्ये कळत नसेल तर मग आपल्याला वंशवादाचा राग नाहीये, फक्त आपल्या माणसाला बोलल्याचा राग आहे.

दुसरा मुद्दा आणखी जड. एका वाक्यासाठी आयुष्यभराचं करिअर संपवायचं का? इथे ऑस्ट्रेलियाचा माजी बॅट्समन आणि कॉमेंटेटर डीन जोन्सची गोष्ट नीट सांगायला पाहिजे, कारण ती अर्धीच सांगतात. ऑगस्ट 2006, कोलंबो, दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंकेची टेस्ट. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने कॅच घेतला आणि जोन्स म्हणाला की टेररिस्टला अजून एक विकेट मिळाली. त्याला वाटलं ब्रेक लागलाय, माईक बंद आहे, पण दक्षिण आफ्रिकेत ते ऐकू गेलं. टेन स्पोर्ट्स चॅनेलने त्याला ताबडतोब काढलं. त्याने माफी मागितली, आमलाने ती स्वीकारली. लक्षात घ्या, महिनाभरापूर्वीच मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले होते, दाढी असलेल्या प्रत्येक माणसाकडे लोक वळून बघत होते, आणि अशा वेळी सुरतेकडून गेलेल्या कुटुंबातला, मैदानात उभा असलेला एक शांत पोरगा केवळ त्याच्या दाढीमुळे अतिरेकी ठरला. माईक बंद असेल असं वाटलं हा बचाव नाही, उलट त्यातून एवढंच कळतं की माईक बंद असताना त्या खोलीत असं बोलणं चालत होतं. पण पुढे काय झालं? जोन्स संपला का? तो कॉमेंट्रीत परत आला, आपल्याकडच्या चॅनेलवर लाडका झाला, इस्लामाबाद युनायटेडचा कोच म्हणून दोन वेळा पाकिस्तान सुपर लीग जिंकला. पाकिस्तानातल्या खेळाडूंनी त्याला डोक्यावर घेतलं. सप्टेंबर 2020 मध्ये तो गेला तेव्हा मुंबईत आयपीएलचंच काम करत होता, आणि सगळं क्रिकेट हळहळलं. नोकरी गेली, माणूस राहिला, सुधारला, परत आला. शिक्षा याच्यासाठीच असते ना? करिअर संपतं म्हणून ओरडणाऱ्यांनी हे उदाहरण आधी खोडून दाखवावं.

तिसरा मुद्दा, तो मुळात तसा माणूस नाहीये. हा मला सगळ्यात जास्त खरा वाटतो आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त फसवतो. 2004 मध्ये इंग्लंडच्या आयटीव्हीवर रॉन ॲटकिन्सन होता, फुटबॉलचा जुना मॅनेजर. मॅच संपल्यावर माईक बंद समजून तो चेल्सीच्या काळ्या फ्रेंच खेळाडूबद्दल, मार्सेल देसाईबद्दल, काळ्या माणसांसाठीची सगळ्यात घाणेरडी शिवी वापरून बोलला, मध्यपूर्वेत ते प्रसारण चालू होतं, आणि त्याला आयटीव्ही सोडावं लागलं. आता याच ॲटकिन्सनने सत्तरच्या दशकाच्या शेवटी वेस्ट ब्रॉममध्ये रेजिस, कनिंगहॅम, बॅटसन असे तीन काळे खेळाडू एकत्र खेळवले होते, जेव्हा प्रेक्षक त्यांच्यावर वाट्टेल ते ओरडायचे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. पहिली केली म्हणून दुसरी पुसली जात नाही, आणि दुसरी केली म्हणून पहिलीही पुसली जात नाही. आणि खरं सांगायचं तर देसाईला त्या वाक्यातून जे ऐकू आलं त्यात ॲटकिन्सनचा 1978 चा रेकॉर्ड ऐकू येत नाही.

इथे मला गावस्करांबद्दल बोलावं लागेल आणि अनेकांना ते आवडणार नाही. सुनील गावस्कर आपले आहेत, दादर-शिवाजी पार्कच्या बाजूने जाणारा प्रत्येक जण त्यांच्याबद्दल हळवा असतो, मीही आहे. 1993 च्या दंगलीत जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाला वाचवायला ते स्वतः खाली उतरले होते हे त्यांच्या मुलाने सांगितलंय. असा माणूस. आणि डीन जोन्स गेला त्याच संध्याकाळी, दुबईतल्या ज्या मॅचमध्ये कोहलीच्या हातून कॅच सुटले तिथे हेच गावस्कर म्हणाले की लॉकडाऊनमध्ये त्याने अनुष्काच्या बॉलिंगवर प्रॅक्टिस केलीय. यात एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवी, ते वाक्य सोशल मीडियावर मोडतोड करून, घाण अर्थ लावून फिरवलं गेलं, प्रत्यक्षात ते कोहली-अनुष्काच्या क्रिकेट खेळतानाच्या व्हिडिओबद्दल बोलत होते. त्यासाठी त्यांना काढा म्हणणं चूकच होतं. पण 2022 मध्ये राजस्थानचा हेटमायर बायकोच्या बाळंतपणासाठी घरी जाऊन परत आला आणि ते म्हणाले, बायकोची डिलिव्हरी झाली, आता हा राजस्थानसाठी डिलिव्हर करणार का? याची कुठली मोडतोड झाली? एका बाईचं बाळंतपण कॉमेंट्रीत कोटी करायला वापरलं, बस. पण त्याबद्दल काही कारवाई झाल्याचं कोणी ऐकलं नाही, माफीही कोणी मागायला लावली नाही. मांजरेकरने जडेजाच्या बॅटिंग-बॉलिंगबद्दल मत दिलं तर तो बाहेर. हे कुठल्या तराजूत बसतं?

"पण कोणाच्या भावना कशाने दुखावतील हे ठरवणार कोण?" हा चौथा प्रश्न, आणि मी त्याला घाबरतो, कारण भावना दुखावल्या म्हणून आपल्या देशात काय काय बंद पडतं ते आपण बघतोच. म्हणूनच दुखावलं का, हा निकष मी घेतच नाही. जडेजा दुखावला होता, अगदी खराखुरा दुखावला होता, पण मांजरेकरचं बोलणं गैर नव्हतं. निकष दुसरा आहे. त्यासाठी आपल्या पुण्याकडे बघा. पळवणकर बाळू, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आपला सगळ्यात भारी डावखुरा स्पिनर, चांभार समाजातला. पुण्यातल्या क्लबात गोऱ्यांना नेटमध्ये बॉलिंग टाकायचा, हिंदू संघातून खेळायचा, 1906 मध्ये मुंबईत युरोपियनांना हरवलं त्यात तो होता. त्याच्या बॉलिंगला कोणी वाईट म्हणत नव्हतं, उलट सगळे वाहवा करत होते. आणि चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कप्तानपद वर्षानुवर्षं दिलं नाही, शेवटी 1923 मध्ये त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. म्हणजे खेळावरची टीका कडक आहे की गोड, याने काहीच ठरत नाही. माणसाला बरोबरीने वागवता का, याने ठरतं. मांजरेकर जडेजाला बरोबरीचाच धरून बोलत होता, तू या फॉरमॅटमध्ये कमी पडतोस, आणि म्हणूनच जडेजाला उत्तर देता आलं. 2022 च्या एशिया कपमध्ये मॅचनंतर मांजरेकरने त्याला माईकवर विचारलं, माझ्याशी बोलशील ना, आणि जडेजा हसून हो म्हणाला. पण आर्चरने टॅक्सीच्या मीटरला कुठल्या चेंडूने उत्तर द्यायचं? आमलाने दाढीला कुठल्या शतकाने उत्तर द्यायचं? 2012 मध्ये ओव्हलवर त्याने 311 मारले, त्याने दाढीबद्दलचं ते वाक्य खोटं ठरलं का? त्या वाक्याचा बॅटिंगशी संबंधच नव्हता.

बाईच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. जानेवारी 2011, इंग्लंडमध्ये वुल्व्हज-लिव्हरपूल मॅचला सियान मॅसी लाइन्सवुमन होती, आणि स्काय स्पोर्ट्सचे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज मॅचच्या आधीच, तिने एकही निर्णय द्यायच्या आधी, आपसात बोलत होते की बाईला ऑफसाइड कसला कळणार. मॅचमध्ये लिव्हरपूलच्या गोलच्या वेळी तिने ऑफसाइड दिला नाही आणि रिप्लेमध्ये ती बरोबर निघाली. चार-पाच दिवसांत ग्रेची नोकरी गेली, कीजने राजीनामा दिला. लोक म्हणतात खाजगी बोलणं बाहेर काढलं, अन्याय झाला. मी म्हणतो तिने गोल चुकीचा ठरवला असता आणि त्यावर ग्रेने तिला धू धू धुतलं असतं तर मी ग्रेच्या बाजूने उभा राहिलो असतो.

ऑस्ट्रेलियाचा कॉमेंटेटर केरी ओ'कीफचं एक उदाहरण मात्र मधल्या जागेतलं आहे. 2018 च्या मेलबर्न टेस्टमध्ये मयंक अगरवालचं पदार्पण होतं, तो म्हणाला याने रणजीतलं त्रिशतक रेल्वे कँटीनच्या स्टाफविरुद्ध मारलं असेल. ते त्रिशतक, नाबाद 304, मयंकने पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध मारलं होतं, म्हणजे कँटीनवाले ठरले ते आपले बॉलर. मला राग आला होता, पण रणजीचा दर्जा कमी आहे हे क्रिकेटवरचं मत आहे, चुकीचं असलं तरी मत आहे, त्यासाठी कोणाला काढू नये. मयंकने 76 मारून उत्तर दिलंच. पण त्याच दौऱ्यात ओ'कीफ पुजारा-जडेजाच्या नावांवर गेला, असली नावं पोरांना ठेवतात का वगैरे, तिथे गोष्ट बदलली. आईबापांनी ठेवलेल्या नावावर पुजारा कुठला कव्हर ड्राइव्ह मारणार? ओ'कीफला जाहीर पत्र लिहून माफी मागावी लागली. नोकरी राहिली, आणि मला हे प्रमाण योग्य वाटतं. पहिल्यांदा माफी, तीही ऑन एअर, परत केलं तर काही मॅचेस बाहेर, जोन्ससारखं सरळसरळ विष असेल तर घरी.

हे आपल्याकडे होत नाही कारण लिहिलेलं काही नाही, आणि जे लिहिलंय ते उलट्या बाजूने लिहिलंय. आयपीएलचं इंग्लिश वर्ल्ड फीड, म्हणजे जगभर जाणारं प्रक्षेपण, बोर्ड बनवतं, तिथली माणसं बोर्डाच्या मर्जीची. हिंदी आणि बाकी भाषांचं पॅनेल चॅनेलचं, त्यामुळे आर्चरच्या वेळी बोर्डाला हात झटकता येतात. इतिहासकार रामचंद्र गुहांनी 2017 मध्ये, बोर्डाचा कारभार बघायला सुप्रीम कोर्टाने नेमलेली प्रशासक समिती सोडताना, पत्रात सुपरस्टार कल्चरवर आणि बोर्डाच्या कॉमेंटेटरांच्या हितसंबंधांवर लिहिलं होतं, तेव्हा दोन दिवस चर्चा झाली आणि पत्र फाइलला लागलं. दरम्यान 2023 पासून आयपीएल बारा भाषांत येतं, मराठीतही येतं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट घरोघरी नेलं त्यानंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर मराठी कॉमेंट्री पहिल्यांदाच होतेय, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण या फीडवर वातावरण मुद्दाम कट्ट्यावरच्या गप्पांचं ठेवतात, आणि आपल्या कट्ट्यावर रंगावरून, जाडीवरून, गावावरून, आडनावावरून काय बोललं जातं ते मराठी वाचकाला सांगायला नको. ते जसंच्या तसं माईकवर येणार नाही याची काळजी सीझन सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते.

आणि हे मागायचं कोणी? सध्याचे खेळाडू मागणार नाहीत, त्यांना टीका कमीच हवीय. बोर्डाला आहे ते सोयीचं आहे. पण 2019 मध्ये, बोर्ड सुधारायला सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींतून, निवृत्त खेळाडूंची इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, आणि आपले बहुतेक कॉमेंटेटर निवृत्त खेळाडूच आहेत. तिने बोर्ड आणि चॅनेल दोघांसमोर एकच पानाचा मसुदा ठेवावा, कॉन्ट्रॅक्टमध्ये घाला म्हणून. खेळ, सिलेक्शन, पिच आणि बोर्डाचा कारभार यावरच्या मतासाठी कोणालाही काढता येणार नाही, काढलं तर लेखी कारण द्यावं लागेल, आणि रंग, धर्म, जात, बाईपण, शरीर, नाव यावरून कोणाला हिणवलं तर पुढच्या ब्रॉडकास्टच्या सुरुवातीला माफी, त्यानंतर निलंबन. यातलं पहिलं कलम मांजरेकरला वाचवेल आणि दुसरं हरभजनला लागू होईल. दोघंही निवृत्त खेळाडूच आहेत, तेव्हा दोन्ही कलमं एकत्रच मागावी लागतील, एक सोडून दुसरं मिळणार नाही.